नेटवर विसंबून तास घेऊ नका

सर, हायस्कूलला नवीन आहात, तर सुरुवात एकाच साधनापासून करा. नववीच्या धाराविद्युतसाठी फेट (PhET) या मोफत संकेतस्थळावरचं सर्किट सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर जोडता येणारं खोटं सर्किट घ्या, मराठीतही मिळतं. घरीच डाउनलोड करून फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. ती क्रोममध्ये नेटशिवाय उघडते. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा रोध आणि ॲमीटर जोडा. आकडा ०.९० अँपिअर येईल, पण आधी मुलांना वहीत गणित करू द्या, मगच स्विच दाबा. हा क्रम उलटला की मुलं नुसती बघत बसतात. नंतर रोध काढून नुसती तार जोडा: बॅटरी पेटलेली दिसते आणि शॉर्टसर्किट कायमचं लक्षात राहतं.

पुस्तकातल्या क्यूआर कोडमागचे व्हिडिओ दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपने उघडतात. पुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या परितेवाडीच्या डिसले सरांमुळे ही कल्पना आपल्या सोलापूर जिल्ह्याला नवी नाही. हे व्हिडिओही आदल्या रात्रीच उतरवून ठेवा.

प्रोजेक्टरवर चित्र नाही आलं तर विंडोज आणि पी एकत्र दाबून डुप्लिकेट निवडा. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर तास संपल्यावर थेट भिंतीवरचं बटण खटकन बंद करू नका, आधी प्रोजेक्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा आणि त्याचा पंखा थांबेपर्यंत थांबा. सोलापूरच्या एप्रिलमध्ये तो आधीच तापलेला असतो, वर धूळ. म्हणून त्याची हवेची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ कराच.