लाकडी बिल्डिंगमध्ये करिअर: मुलीला जाऊ द्या, पण पाया पक्का करून

नमस्कार ताई, पत्र वाचलं. मुलगी बारावी सायन्स झालीये, तिला शहरात परवडणारी लाकडी घरं बांधायचीत, आणि तुमची काळजी दोन गोष्टींची, लाकूड पेटतं आणि यात नोकऱ्या आहेत कुठे.

आधी आगीचं बघू. इथे फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून जाड पॅनल करतात, त्याला सीएलटी म्हणतात. जाड लाकूड बाहेरून मिनिटाला साधारण 0.65 मिमी कोळसा होत जातं आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला वाचवतो, त्यामुळे तासाभरात 4 सेंमी जाणार हे धरून जाडी आधीच वाढवतात. हा हिशोब करायला इंजिनिअरच लागतो ना, मग नोकरी तिथेच आहे.

लंडनला मरे ग्रोव्हमध्ये 2009 साली 9 मजली बिल्डिंग झाली, 29 फ्लॅट, काही सोशल हाउसिंगचे म्हणजे कमी भाड्याचे, तळमजला काँक्रीटचा आणि वरचे 8 मजले लाकडाचे, आणि ते उभे करायला चार सुतारांना 27 दिवस लागले. पॅनल फॅक्टरीतून कापून येतात, खिडक्यांची भोकंसुद्धा तयार असतात, साइटवर फक्त क्रेनने उचलायचे आणि स्क्रू मारायचे.

आता पैशाचं खरं सांगतो, कारण मुलीला हे कुणी सांगणार नाही. पॅनल काही स्वस्त नसतं, बऱ्याचदा काँक्रीटपेक्षा महागच पडतं. वाचतो तो वेळ, आणि वजन कमी म्हणून फाउंडेशनचा खर्च. पण डिझाइन काँक्रीटचं करून नंतर लाकडात बदललं की ही बचत गेलीच. म्हणून तिने ड्रॉइंगइतकंच कॉस्टिंगही मनापासून शिकावं, परवडणारं घर तिथेच ठरतं.

डिग्री सिव्हिल किंवा आर्किटेक्चरचीच घ्या, लाकडाचं स्पेशलायझेशन मास्टर्सला. सिव्हिल घेतलं की काँक्रीट, स्टीलचे रस्तेही उघडे राहतात. आणि तिला पाण्याचा नाद लागू दे, आगीपेक्षा मला त्याचीच धास्ती जास्त वाटते, बाथरूमच्या टाइलखाली बारीक गळती महिनोन्‌महिने कुणाला दिसत नाही, लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते आणि गरिबाच्या घराची दुरुस्ती करणार कोण?

सुट्टीत तिला सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये महिनाभर जाऊ द्या, ओली फळी सुकताना कशी पिळते, टोकाला स्क्रू मारला की कशी फाटते ते हाताने कळू दे. आणि नावात ‘ग्रीन’ असलेल्या कुठल्याही छोट्या कोर्सची फी भरण्याआधी एवढं विचारा, स्ट्रक्चरल डिझाइन किती तास शिकवता?