वाचकांचे प्रश्न : कंपाइल करताना अडते कुठे?

प्रश्न : मी उपग्रह प्रतिमांवरून द्राक्षबागांचे नकाशे तयार करतो. उबुंटूबरोबर येणारी जीडीएएलची (नकाशे व उपग्रह प्रतिमांच्या फाइली वाचणाऱ्या लायब्ररीची) आवृत्ती जुनी असल्याने नव्या आवृत्तीचा सोर्स कोड कंपाइल करण्यासाठी, म्हणजे त्यापासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्यासाठी, उतरवून घेतला. माझ्याकडील टिपणात प्रथम ‘कॉन्फिगर’ ही तयारीची स्क्रिप्ट चालवा असे लिहिले आहे, परंतु ती फाइलच सापडत नाही. कंपाइलची तयारी करणारे सीमेक चालवले तर ‘प्रोज’ (नकाशाचे प्रक्षेपण सांभाळणारी लायब्ररी) मिळत नाही अशी तक्रार येते. प्रोज तर संगणकावर आहे, कारण तिच्यावर चालणारा क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्रॅम व्यवस्थित चालते. – एक वाचक, निफाड

उत्तर : आपले टिपण जुने आहे. जीडीएएलने ३.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, कॉन्फिगरची पद्धत पूर्णपणे काढून टाकली असून आता सीमेक हाच मार्ग उरला आहे. कोणताही सोर्स कोड हाती आला की त्याच्यासोबतची माहितीची फाइल आधी वाचावी; इतरत्र मिळालेल्या आज्ञा त्यानंतर.

प्रोजविषयीची तक्रार मात्र खरी आहे. तयार प्रोग्रॅम चालण्यासाठी लायब्ररीचा चालता भाग पुरेसा असतो, पण त्या लायब्ररीच्या आधारे नवा प्रोग्रॅम कंपाइल करायचा असेल तर तिच्या हेडर फाइलीही (लायब्ररीत काय काय आहे हे कंपाइलरला सांगणाऱ्या) लागतात, आणि डेबियन व उबुंटूमध्ये त्या ‘डेव्ह’ असा शेवट असलेल्या वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलेल्या असतात. आपल्याकडे पहिला भाग आहे, दुसरा नाही. ‘लिबप्रोज-डेव्ह’ बसवा. फेडोरा वापरणाऱ्यांनी ‘डेव्हेल’ असा शेवट शोधावा.

यापुढचा धोका अधिक फसवा आहे, कारण तिथे कोणतीही त्रुटी दिसत नाही. प्रोज नसेल तर जीडीएएल अडून बसते. पण इतर अनेक लायब्रऱ्या ऐच्छिक असल्याने त्या न सापडल्यास त्या त्या फाइल-प्रकाराचा आधार गुपचूप वगळला जातो आणि कंपाइल मात्र यशस्वी होते. सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या मूळ प्रतिमा जेपेग २००० या प्रकारात येतात. तो प्रकार वाचणाऱ्या ओपनजेपेग या लायब्ररीचे डेव्ह पॅकेज किंवा तशी दुसरी लायब्ररी नसेल, तर आपली नवीकोरी जीडीएएल नेमकी बागेची प्रतिमाच उघडणार नाही. म्हणून सीमेकचे काम संपल्यावर चालू आणि वगळलेल्या घटकांची जी यादी पडद्यावर येते, ती प्रत्यक्ष कंपाइल करणारी ‘मेक’ ही आज्ञा चालवण्यापूर्वी शांतपणे वाचावी. आम्हाला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातील सर्वांत मोलाची पाच मिनिटे तीच.

प्रश्न : माझ्या संगणकात ४ जीबी रॅम आहे. लवकर व्हावे म्हणून ‘मेक -जे’ दिले. संगणक गोठला आणि ‘किल्ड’ असा शब्द येऊन काम थांबले. पुन्हा सुरू केले तेव्हा मध्येच वीज गेली. आता जोडणीच्या (लिंकिंगच्या) वेळी एक फाइल ओळखता येत नाही असा संदेश येतो. – एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ‘-जे’पुढे आकडा नसेल तर मेक एकाच वेळी जमेल तितकी कामे सुरू करते. सी++ च्या मोठ्या फाइली कंपाइल करताना प्रत्येक काम बरीच रॅम घेते. ती संपली की लिनक्सचा कर्नल एखादी प्रक्रिया स्वतःच मारून टाकतो, आणि ‘किल्ड’ हा शब्द बहुधा त्याचीच खूण असतो. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ या आज्ञेने खात्री करून घ्या आणि ‘-जे२’ किंवा नुसते ‘मेक’ वापरा.

वीज गेल्याने एखादी ऑब्जेक्ट फाइल (एका सोर्स फाइलीपासून कंपाइल झालेला तुकडा) अर्धवट लिहिलेली राहिली असावी. तिची तारीख ताजी असल्याने मेक ती पूर्ण झाली असे समजते आणि पुन्हा बनवत नाही. संदेशात नाव असलेली ‘.ओ’ फाइल तेवढी पुसा. ‘मेक क्लीन’ करून तासन्‌तासांचे काम वाया घालवण्याचे कारण नाही. आणखी एक सूचना : ‘एरर २’ अशी शेवटची ओळ पाहून कुणाला विचारू नका. तिच्यात कारण नसते. कारण वर, पहिल्या त्रुटीच्या ओळीत असते, आणि अनेक कामे एकत्र चालली असतील तर ती ओळ बरीच वर गेलेली असते.

प्रश्न : सर्व काही बिनतक्रार बसले, पण प्रोग्रॅम सुरू करताच शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही असे दिसते. – एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : आपली लायब्ररी बहुधा ‘यूएसआर-लोकल’मधील ‘लिब’ या फोल्डरमध्ये गेली आहे आणि लोडरची (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्रऱ्या शोधून जोडणाऱ्या भागाची) नोंदयादी अद्याप जुनीच आहे. उबुंटूवर सुडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, ही यादी ताजी करणारे ‘एलडीकॉन्फिग’ एकदा चालवले की पुरते. तरीही अडल्यास ‘एलडीडी’ या आज्ञेला प्रोग्रॅमचा मार्ग द्या. जी लायब्ररी हरवली आहे तिच्यापुढे ‘नॉट फाउंड’ असे लिहून येईल. पुढच्या वेळी मात्र सीमेकला प्रीफिक्स (कुठे बसवायचे ते ठिकाण) म्हणून होम फोल्डरमधील एखादे स्वतंत्र फोल्डर द्यावे. एलडीकॉन्फिग तिथे आपणहून पाहत नाही, त्यामुळे लायब्ररीचा मार्ग वेगळा सांगावा लागतो. पण तिथे बसवण्यासाठी सुडो लागत नाही, पॅकेज व्यवस्थापकाच्या फाइलींशी गल्लत होत नाही आणि नको झाल्यावर ते एक फोल्डर पुसले की काम भागते.