एकच व्हिडिओ गेम तुम्ही एकापेक्षा जास्त वेळा विकत घेतलाय का? का घेतलात?

हो. एज ऑफ एम्पायर्स टू, गाव वसवायचं, सैन्य उभारायचं आणि समोरच्याला हरवायचं असा कॉम्प्युटरवरचा गेम. पाच वेळा पैसे मोजलेत, त्यातली पहिली पायरेटेड सीडी होती त्यामुळे तिला "विकत घेतली" म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा. तुम्ही प्रश्नाखाली असंही लिहिलंय की एकदा खेळून झालेला गेम परत घेणं म्हणजे पैशाचा माज नाही का. तर माज करायला आधी पैसे असावे लागतात हो, माझ्याकडे पाचातल्या तीन वेळेला ते नव्हतेच.

२००३ ला कराडला इंजिनिअरिंगला गेलो. गेम १९९९ चा, म्हणजे आमच्या हातात पडला तेव्हाच चार वर्षं जुना झालेला, पण आमच्या असेंबल केलेल्या पीसींना तेवढाच झेपायचा. सीडी पुण्याहून बुधवार पेठेतून आणलेली, शंभर रुपयाला, त्यात मूळ गेम आणि कॉन्करर्स हे एक्सपान्शन (म्हणजे मूळ गेमला जोडायचा वाढीव भाग) दोन्ही, आणि कव्हरवर भलत्याच कुठल्यातरी गेमचा फोटो. ती एक सीडी अख्ख्या मजल्याला पुरली. वर्गणी काढून कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला आठ पोर्टचा स्विच घेतला, केबली खिडक्यांतून बाहेरून ओढल्या, आणि केबलीला टोकं बसवायचं क्रिंपिंग टूल ज्याच्याकडे होतं त्याचा थाट काय वर्णावा, मेसमध्ये लोक त्याला रांगेत पुढे घ्यायचे. एका वेळी आठ जण खेळू शकायचे, बाकीचे मागे उभे राहून अक्कल शिकवायचे.

त्या वर्षांत लोडशेडिंग जोरात होतं, त्यामुळे मॅच कधी लावायची हे लाईट कधी जाणार यावर ठरायचं, आणि तरी चुकायचंच. कोणीतरी दीड तास मेंढ्या कापून, लाकडं तोडून, सोनं खणून इंपीरियल एजला, म्हणजे गेमच्या शेवटच्या टप्प्याला पोचलाय, ट्रेबुशे (दगड फेकायचं यंत्र) उभी करून समोरच्याच्या भिंतीला भिडवलीये, आणि फट्ट. मग कोण जिंकत होतं यावर अंधारात भांडणं. गेमच्या चॅटमध्ये नुसता आकडा टाकला की ठरलेला आवाज यायचा, ११ टाकलं की खदाखदा हसणं, १४ टाकलं की "सुरू कर की लेका" अशा अर्थाचं ओरडणं, ३० म्हणजे समोरच्याचा माणूस आपल्या बाजूला ओढणाऱ्या पुजाऱ्याचा तो मंत्र, वोलोलो. हे आकडे आमच्या बोलण्यातच आले, व्हायवाच्या रांगेत मागून कोणीतरी "चौदा!" ओरडायचं आणि एक्स्टर्नलला कळायचं नाही पोरं का हसतायत.

हे सगळं एवढं सांगायचं कारण म्हणजे पुढच्या चारही खरेद्या इथूनच निघाल्यात.

दुसरी खरेदी २००८ ची. नोकरी लागली, पुण्यात आलो, मॉलमधल्या एका दुकानात गोल्ड एडिशनचा ओरिजिनल बॉक्स दिसला, दोन्ही सीड्या आत. घेतला. खरं सांगायचं तर गरज काहीच नव्हती, जुनी सीडी चालत होती, पण चार वर्षं ज्या गोष्टीवर फुकट जगलो तिचे पैसे आपण दिलेच नाहीत हे तो बॉक्स हातात घेतल्यावर एकदम टोचलं. घरी आईने बघितलं आणि म्हणाली, "हाच ना तो, ज्याच्यापायी तुझे दोन विषय राहिले?" हाच तो. आता सोवळ्यात.

तो बॉक्स जेमतेम दोन-तीन वर्षं चालला. म्हणजे सीडीला काही झालं नाही, आजूबाजूचं जग बदललं. नवीन लॅपटॉपवर विंडोज सेव्हन आलं आणि गेम सुरू केला की गवत जांभळं, पाणी लाल-गुलाबी. ज्यांनी हे बघितलंय ते आत्ता हसत असतील. गेम २५६ रंगांच्या जमान्यातला, विंडोजचा एक्सप्लोरर मागे चालू असला की त्याचे रंग बिघडायचे, मग टास्क मॅनेजर उघडून एक्सप्लोरर बंद करायचा, डेस्कटॉप गायब होतो, मग गेम लावायचा. त्यासाठी लोकांनी दोन ओळींच्या बॅच फाईली बनवून वाटल्या होत्या. वर रुंद स्क्रीनवर सगळं चित्र ताणलेलं, घोडे डुकरासारखे दिसायचे. पुढच्या विंडोजवर डायरेक्टप्ले नावाचा विंडोजचा जुना भाग वेगळा चालू करावा लागायचा, त्याशिवाय मल्टिप्लेअरचं नावच नको. आणि त्या काळच्या बऱ्याच गेम्सच्या सीडीवर सेफडिस्क नावाची जी कॉपी-प्रोटेक्शनची भानगड होती तिचा सपोर्ट विंडोज टेनमध्ये काढूनच टाकला, का तर त्या ड्रायव्हरमुळे कॉम्प्युटरच्या सुरक्षेला धोका. म्हणजे गंमत बघा, ज्याने प्रामाणिकपणे ओरिजिनल घेतली त्याची सीडी अडणार आणि ज्याने बुधवार पेठेतली घेतली त्याची क्रॅक केलेली असल्यामुळे बिनबोभाट चालणार. आता तर लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते. बॉक्स अजून आहे, शोकेसमध्ये, बायको दर दिवाळीला विचारते हा टाकायचा का.

तिसरी खरेदी एचडी एडिशन. एप्रिल २०१३ ला स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात आली, मी सेलची वाट बघून वर्षभराने घेतली. तेव्हा स्टीमवर आपल्याकडे डॉलरमध्येच भाव असायचे, रुपये आले २०१५ च्या शेवटी, आणि माझं डेबिट कार्ड परदेशी व्यवहाराला चालायचं नाही. शेवटी हॉस्टेलच्या मामाच्या क्रेडिट कार्डवरून घेतली (मामा म्हणजे नात्यातला नव्हे, सगळे त्याला मामाच म्हणायचे, पहिल्या वर्षाला असल्यापासून त्याचं पोट सुटलेलं होतं). आणि इथे खरं कारण येतं. मामाने आधी एचडी घेतली होती. मल्टिप्लेअरमध्ये सगळ्यांकडे एकच व्हर्जन लागतं, त्याच्याकडे एचडी आणि माझ्याकडे जुना बॉक्स असेल तर आम्ही एकमेकांशी खेळूच शकत नाही. चौघांतल्या एकाने नवीन घेतला की बाकी तिघांच्या खिशाला चाट बसलीच म्हणून समजा. कंपन्यांना हे चांगलं माहीत असतं, आम्हालाही माहीत होतं, तरी घेतली.

पण एचडीबद्दल माझं मत वाईट नाही, उलट त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. मूळ गेम बनवणारा एन्सेम्बल स्टुडिओज २००९ च्या सुरुवातीला बंद पडला. म्हणजे गेम तसा पोरका. तर काही चाहत्यांनी स्वतःच, कोणी न सांगता, एक एक्सपान्शन बनवायला घेतलं आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये फुकट सोडलं. ते इतकं नीट झालेलं की पुढच्याच वर्षी तेच द फरगॉटन नावाने अधिकृत म्हणून स्टीमवर आलं, त्यात भारतीय, इटालियन, इन्का वगैरे पाच नवीन सिव्हिलायझेशन्स. पुढे हीच मंडळी या गेमवर काम करत राहिली. जुना गेम परत विकतात म्हणून आपण शिव्या घालतो, पण इथे ज्यांच्या खिशात माझे पैसे गेले ते माझ्यासारखेच, फक्त त्यांनी व्हायवाला जाण्याऐवजी कोड लिहिला.

आता माझा मूर्खपणाही सांगतो. २०१५ चं आफ्रिकन किंग्डम्स आणि २०१६ चं राईज ऑफ द राजाज ही दोन्ही मी सेलमध्ये घेतली आणि दोन्ही मिळून तीन तास खेळलो असेन. तेव्हा मुलगी-मुलगा दोघंही लहान, मामा बंगलोरला, डॉक्टर (हाही डॉक्टर नव्हे, अक्षर घाण) नागपूरला, कोणालाच वेळ नाही. सेल दिसला की हात शिवशिवतात एवढंच त्यामागचं कारण. तुम्ही ज्याला माज म्हणता तो हा.

चौथी, डेफिनिटिव्ह एडिशन. ही नोव्हेंबर २०१९ ला आली, एचडी असणाऱ्यांना थोडी सूट होती. मी ठरवलं होतं की आता बास, चौथ्यांदा तोच गेम घ्यायला मी काय येडा आहे का. मग मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये डॉक्टरचा मेसेज, नुसता आकडा, १४. पुढच्या तासाभरात तिघांनी डेफिनिटिव्ह घेतलेला होता. बायको शेजारी बसून बघत होती, म्हणाली, "तोच गेम ना?" मी म्हटलं तोच नाहीये गं, यात शेतं आपोआप परत पेरली जातात. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. पण खेळलेल्या माणसाला विचारा त्या शेताचं महत्त्व. जुन्या गेममध्ये पुढची पेरणी आधीच रांगेत लावायला विसरलात तर शेतातलं धान्य संपलं की ते उजाड व्हायचं आणि गावकरी तिथेच हात बांधून उभा, तुम्ही तिकडे लढाईत गुंतलेले, परत येऊन बघता तर दहा जण रिकामे उभे आणि अन्न शून्य. आता बटण दाबून ठेवलं की आपलं आपण पेरतात. स्काऊट, म्हणजे टेहळणीचा घोडेस्वार, स्वतःच नकाशा फिरून बघतो. विशीत ही माऊसची हमाली करण्यातच मर्दुमकी वाटायची, पस्तिशीत मनगट दुखतं. आणि मॅच कोणा एकाच्या कॉम्प्युटरच्या जिवावर चालत नाही, कंपनीच्या सर्व्हरवर चालते. लॉकडाऊनच्या त्या तीन महिन्यांत आम्ही जेवढे बोललो तेवढे त्याआधी दहा वर्षांत बोललो नव्हतो, अर्थात बोलणं म्हणजे काय, "दगड दे", "देत नाही".

एप्रिल २०२२ मध्ये त्यालाच डायनॅस्टीज ऑफ इंडिया आलं. आधी "भारतीय" अशी एकच मोट बांधलेली होती, तिचे हिंदुस्तानी, बंगाली, द्रविडियन आणि गुर्जर असे चार केले. राजेंद्र चोळाची कॅम्पेन (एका गोष्टीत गुंफलेल्या लढाया) आहे, बाबराची आहे. देवगिरीच्या यादवांना मात्र वेगळी जागा नाही, यावरून मामाने ग्रुपवर असं भाषण ठोकलं की जणू आम्हीच पगार घेऊन गेम बनवतो.

आता सगळेच गेम परत घेण्यासारखे असतात असं मी म्हणत नाहीये. माझ्या मावसभावाने जीटीए फाईव्ह तीनदा घेतला, २०१३ ला प्लेस्टेशन म्हणजे पीएस थ्रीवर, मग पीएस फोरवर, मग २०२० च्या उन्हाळ्यात पीसीवर, आणि हा तिसरा घेतल्यावर पंधरा दिवसांत, १४ मे ला, एपिक स्टोअर या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाने तोच गेम आठवडाभर फुकट वाटला. इतकी झुंबड उडाली की स्टोअरच कोलमडलं. त्याला अजून कोणी "फुकट" म्हटलं की तो जेवणावरून उठतो.

आणि नवीन म्हणून जे विकतात ते चांगलंच असेल असंही नाही. जीटीएच्या जुन्या तीन भागांचं डेफिनिटिव्ह म्हणून नोव्हेंबर २०२१ ला जे काढलं त्याची अवस्था बघून ते काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीला जाहीर माफी मागावी लागली, वर ते आणताना जुने ओरिजिनल दुकानातून काढून घेतलेले, ते लोकांनी आरडाओरडा केल्यावर पीसीसाठी परत दिले. त्याआधी २०१४ ला सॅन अँड्रियासच्या रेडिओवरची काही गाणी लायसन्स संपलं म्हणून स्टीमवरच्या कॉपीतून अपडेटमध्ये उडवली होती, पैसे देऊन घेतलेल्या कॉपीतून. आणि द क्रू नावाचा रेसिंग गेम तर ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केल्यावर संपलाच, डिस्क हातात असली तरी काही चालेना. म्हणून माझा नियम असा की नवीन व्हर्जन आलं तरी आधी विचारायचं, जुनं माझ्याकडे अजून चालतंय का, आणि मी ज्यांच्याबरोबर खेळतो ते कुठे आहेत. जुनं चालत असेल आणि एकटंच खेळायचं असेल तर नवीन घेऊ नका, ग्राफिक्स दोन दिवस दिसतात मग डोळ्याला सवय होते.

राहिली पाचवी. ती गेल्या वर्षीची. मुलगा दहा वर्षांचा झाला, माझं बघून बघून शिकला, म्हणाला पप्पा तुमच्याविरुद्ध खेळायचंय. मी म्हटलं सोपं आहे, स्टीमवर फॅमिलीची सोय आहे, माझ्या लायब्ररीतले गेम त्याला दिसतात. दिसतात खरे, पण एका कॉपीवर एका वेळी एकच जण. दोघांनी वेगवेगळे गेम खेळा, तोच गेम समोरासमोर खेळायचा तर दुसरी कॉपी घ्या. कराडला एका शंभर रुपयाच्या सीडीवर मजला खेळला आणि इथे एका घरात दोन माणसांना दोन. सेल लागेपर्यंत थांबवला त्याला, मग घेतली.

पोरगं तीन आठवडे खेळलं. पहिल्या जिंकलेल्या मॅचला ११ दाबून माझ्यावर हसलं, कुठून शिकलं माहीत नाही. मग परत माइनक्राफ्टवर गेलं. ते त्याच्यासाठी मी टॅबवर केव्हाच घेऊन दिलेलं होतं, आता म्हणतो लॅपटॉपवर पाहिजे, मित्र सगळे लॅपटॉपवर खेळतात आणि तिथे ते वेगळं विकत घ्यावं लागतं. मी म्हटलं, अरे तोच गेम ना?

म्हणाला, "तोच नाहीये पप्पा." आणि त्याची आई स्वयंपाकघरातून हसली.