घड्याळाच्या लेथसाठी लाखेचा चक घरी कसा बनवावा?

तुमची अडचण अशी: 8 मिमी कॉलेटचा (कॉलेट म्हणजे कापायची वस्तू, अर्थात माल, पकडणारी चिरलेली नळी) जुना लेथ आहे, कॉलेट मोजकेच आहेत, बॅलन्स व्हील (घड्याळाचं डोलणारं चाक) आणि पातळ चकत्या त्यात धरता येत नाहीत, आणि भुसावळात तयार चक मिळत नाही. लाखेचा चक म्हणजे ज्याच्या तोंडावर माल वितळलेल्या लाखेने चिकटवून फिरवतात ते पितळी डोकं. तो विकत घेऊच नका. घरच्या चकाचं तोंड तुमच्याच लेथच्या स्पिंडलवर (फिरणाऱ्या अक्षावर) कापलेलं असतं, म्हणून तो विकतच्यापेक्षा सरळ फिरतो.

चकाला कॉलेटसारख्या मागे आट्या कापायच्या भानगडीत पडू नका. सगळ्या लेथांच्या आट्या सारख्या नसतात. 10 मिमीची पितळी सळई घेऊन जळगाव एमआयडीसीतल्या एखाद्या टर्नरकडून 20 मिमी लांबीचा दांडा 5.00 मिमीला उतरवून घ्या, पुढे 6 मिमी जाड डोकं ठेवा. तो 50 नंबरच्या, म्हणजे 5.0 मिमीच्या कॉलेटात बसतो. 0.1 मिमीचाही फरक पडला की कॉलेट पूर्ण लांबीवर पकडत नाही आणि डोकं डोलतं. तीन-चार एकदमच करून घ्या.

तोंड मात्र स्वतःच्या लेथवर कापा, आणि कॉलेटच्या चिरेसमोर दांड्यावर खूण करा, म्हणजे पुन्हा लावताना जागा तीच राहील. चकतीसाठी तोंड सपाट कापून 1 मिमी अंतराने 0.2 मिमी खोल गोल चरे पाडा. लाखेला पकड मिळते, नजरेला मध्य सापडतो. पिव्हट (आसाचं बारीक टोक) असलेल्या मालासाठी मधोमध 1 मिमीचं भोक आणि त्याच्या तोंडावर 60 अंशांचा शंकू. शंकू ड्रिलने करू नका. ड्रिल मध्यापासून सरकतं. ग्रेव्हरने (हातात धरून कापायच्या टोकदार हत्याराने) कापलेला शंकूच अक्षावर येतो.

लाख शुद्ध चपडा हवी, फर्निचर पॉलिशवाले वापरतात ती. सराफ बाजारातल्या दागिन्यात भरायच्या लाखेत बऱ्याचदा राळ आणि भुकटी असते, ती इथे नको. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली चपड्याच्या पापड्यांची ढेप होते, म्हणून डबा गार जागी ठेवा.

स्पिरिटच्या दिव्यावर डोकं तापवा आणि लाख टेकवून पाहा. पितळाच्या उष्णतेनेच ती वितळायला हवी. थेट ज्योतीत धरलेली लाख फेसाळते, काळी पडते आणि मग ठिसूळ होऊन सुटते. मालही कोमट करा, नाहीतर लाख वरवर चिकटते आणि पहिल्याच कापाला चकती उडते. लाख मऊ असतानाच स्पिंडल हाताने फिरवत लाकडी काडीने मध्य साधा. मग आपोआप गार होऊ द्या. फुंकर नको, पाणी नको. काप 0.05 मिमीचे, ग्रेव्हर धारदार. बोथट हत्याराने माल तापतो आणि लाख ढिली पडते.

काढताना पुन्हा कोमट करून बाजूला सरकवा, उचकटू नका. उरलेली लाख स्पिरिटमध्ये काही तास भिजवली की निघते. तोवर दिवा विझलेला असू द्या. निळ्या केलेल्या स्क्रूंची काळजी नको, त्यांचा रंग जवळपास 300 अंशांना येतो आणि लाख त्याच्या कितीतरी खाली वितळते. पण बॅलन्सच्या रोलरमधला (आसावरच्या छोट्या चकतीतला) इम्पल्स खडा आणि पॅलेटचे (चाक अडवणाऱ्या-सोडणाऱ्या तरफेचे) खडे लाखेनेच बसवलेले असतात. उष्णता किंवा स्पिरिट लागलं की तेही सुटतात, म्हणून बॅलन्स चकावर घेण्याआधी रोलर काढून ठेवा.