खोटाखोटा खेळ दिसत नसेल तर थांबू नका

तीन वर्षांच्या मुलीच्या हातात कात्री द्यावी का? (निपाणी)

बोथट टोकाची द्या आणि शेजारी बसा.

बेंदराला बैल करायला बसवलं की मुलगा मातीच खातो. (खानापूर)

एखाद्या वेळी चाखली तर तोंड धुवा, खेळ चालू ठेवा. रोज शोधून खात असेल तर अंगात लोह कमी असू शकतं. डॉक्टरांना दाखवून रक्त तपासा. मनाने जंताचं औषध देऊ नका.

अडीच वर्षांचा नातू गाडीची चाकं तेवढी फिरवत बसतो. भातुकली नाही, बोलणंही दोन-चार शब्द. घरी मराठी, शेजारी कन्नड, म्हणून गोंधळतो असं सगळे सांगतात. (येळ्ळूर)

दोन भाषांमुळे मुलाचा विकास अडत नाही. आपल्याकडे हे इतक्यांदा सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. दीड-दोन वर्षांचं मूल रिकाम्या कपातून चहा पितं, बाहुलीला भरवतं, ठोकळा कानाला लावून ‘हॅलो’ म्हणतं. समोर नसलेली गोष्ट मनात धरायला ते शिकतं, आणि शब्दालाही तेच लागतं. म्हणून खेळ आणि बोलणं दोन्ही मागे असतील तर ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘त्याचा बाबाही असाच होता’ हे ऐकत बसू नका. त्यात वर्ष जातं, आणि उपचाराला सर्वांत जास्त दाद मिळते ती याच वयात. पत्रावरून मी निदान करणार नाही. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्या, कान तपासा, ‘हाक मारली की वळतो’ म्हणून ते टाळू नका. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडी ताईंना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा. ही तपासणी मोफत असते. तोवर मोबाईल बंद. वाटी-चमचा घेऊन जमिनीवर त्याच्यासमोर बसा, खोटाखोटा भात त्याला भरवा, मग त्याच्याकडून खा. मराठीत बोला, कन्नडही कानावर पडू द्या.

दिवाळीला तयार किल्ल्याचा संच आणावा का? खोक्यावर ‘बुद्धी वाढवणारा’ लिहिलंय. (शहापूर)

नको. तसं छापायला पैसे पडत नाहीत. खोक्यावर आयएसआय चिन्ह आहे का ते पाहा. 1 जानेवारी 2021 पासून कारखान्यातल्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. किल्ला दगड, माती, जुन्या पोत्याचाच करा. चिखल पातळ झाला, बुरूज ढासळला, की पुढच्या वेळी मुलगा पाणी बेतानेच ओततो. तुम्ही हात लावू नका, बक्षिसासाठी तर मुळीच नाही. घरात रांगतं मूल असेल तर बारके मावळे उंचावर ठेवा. त्यातला एखादा गिळल्याची शंका आली तर केळं वगैरे न भरवता सरळ दवाखाना गाठा.