दहावीनंतरच्या सुट्टीत कॅल्क्युलस सुरू करू की बीजगणित पक्कं करू?

दहावीत बीजगणिताला चांगले मार्क आहेत, अकरावी सायन्स घ्यायचंय आणि सुट्टीत कॅल्क्युलसचे व्हिडिओ बघायला घेतलेत, असं तू लिहिलंयस. ते व्हिडिओ सध्या बाजूला ठेव. मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) म्हणजे काय हे मुलांना लवकर कळतं. गाडी अडते ती पुढच्या ओळीत, अपूर्णांक एकत्र करताना किंवा कंस सोडवताना वजाचं चिन्ह विसरल्यावर.

एकच गोष्ट करायची असेल तर पूर्ण वर्ग पद्धत कर. वर्गसमीकरणाचं सूत्र हाती आलं की मुलं ती टाकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी या गणितीने सोडवलेलं उदाहरण वहीत काढून बघ: क्ष² + १०क्ष = ३९. क्ष बाजूचा चौरस काढ, त्याच्या लगतच्या दोन बाजूंना ५ रुंदीच्या पट्ट्या जोड. कोपऱ्यात ५ × ५ जागा रिकामी राहते. ती भरली की क्षेत्रफळ ३९ + २५ = ६४, मोठ्या चौरसाची बाजू ८, म्हणून क्ष = ३. दुसरं उत्तर −१३ आहे. ते चित्रात का सापडत नाही, हे स्वतः शोध.

मग अक्षरं घेऊन कर: अक्ष² + बक्ष + क = ०. दोन्ही बाजूंना ४अ ने गुण आणि मग ब² मिळव, म्हणजे अपूर्णांक येतच नाहीत. हा जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांचा नियम. भास्कराचार्यांनी तो श्रीधरांच्या नावानिशी दिला आहे. (२अक्ष + ब)² = ब² − ४अक मिळालं की सूत्र तुझं तूच काढलंस.

अकरावीत क्ष² + य² − ६क्ष + ४य − १२ = ० असं वर्तुळ समोर येईल. पूर्ण वर्ग केलास की केंद्र (३, −२) आणि त्रिज्या ५ लगेच दिसतात. बारावीत इंटिग्रेशनलाही हीच युक्ती लागते.

फिजिक्ससाठी आकडे न घालता सूत्रं फिरवायचा सराव कर. लोलकाच्या आवर्तकालाच्या सूत्रातून गुरुत्वत्वरण वेगळं काढ, भिंगाच्या सूत्रातून प्रतिमेचं अंतर काढ. घातांकाचे नियमही घटवून ठेव, कारण लॉगॅरिदम त्यांच्यावरच उभे आहेत आणि केमिस्ट्रीत पीएच ५ वरून ३ झाला म्हणजे आम्लता १०० पट वाढली, हे त्यातूनच कळतं.

रोज पाचच उदाहरणं कर, पण प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून पडताळ. चुकलं तर खोडू नकोस, कोणत्या ओळीत चुकलं तिथे खूण कर. पंधरा दिवसांनी त्या खुणा बघितल्यास की तुझी नेमकी कुठे गडबड होते ते दिसेल. तेवढाच भाग पुन्हा कर.