फिजिओथेरपीला पाठांतर जमत नसेल तर लायसन्सपर्यंत पोचता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की अॅडमिशन घेतोय पण पाठांतर कच्चंय, तर निभेल का. मी याच लाइनमधला, रोज पेशंट बघतो, त्यामुळे माझ्यापुरतं सांगतो.

पहिलं वर्ष पाठांतराचंच असतं, उगाच धीर द्यायला खोटं नाही बोलणार. प्रत्येक स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, कुठली नस त्याला जाते, काम काय करतो. मणक्याच्या सी५ ते टी१ या भागातून (मानेचा खालचा भाग ते छातीची सुरुवात) हाताकडे निघणारं ते नसांचं जाळं, ब्रेकियल प्लेक्सस, मी वहीच्या मागच्या पानावर इतक्यांदा काढलंय की आजही झोपेत काढेन. पण मला त्याने नाही रडवलं, रडवलं ते प्रॅक्टिकलने.

पेशंटला बेडवरून व्हीलचेअरवर घ्यायचं होतं. पेशंट म्हणजे आमच्याच बॅचचा एकजण, डावी बाजू लुळी पडल्याची अॅक्टिंग करत बसलेला. मी खुर्ची त्याच्या धड बाजूला लावली, त्याच्या लुळ्या गुडघ्याला माझ्या गुडघ्याचा टेकू दिला, एक दोन तीन म्हणून उठवलं, सगळं घोकल्याप्रमाणे, आणि बसवायला गेलो तर खुर्चीच मागे सरकली. एका बाजूचा ब्रेक लावायचा राहिला होता. परीक्षकांनी त्याला धरलं म्हणून पडला नाही, मी मात्र तिथेच नापास. एका ब्रेकसाठी! तेव्हा भयंकर राग आला होता, आता नाही येत, कारण खरा म्हातारा पेशंट असता तर खुबा मोडला असता. आजही आधी दोन्ही ब्रेक बघतो, मग फूटरेस्ट, आणि मग पेशंटला नमस्कार.

तर मुद्दा हा की हे शिक्षण हातात उतरावं लागतं. लॅबमध्ये हाफ पँट घालून एकमेकांवरच प्रॅक्टिस असते, लाज दोन दिवसांत जाते. गोनिओमीटर म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, दिसायला एकदम सोपी. मी आणि पार्टनरने एकाच मुलाचा गुडघा मोजला, तिचं आलं १३५ आणि माझं १२०. गुडघा तोच हो! माझी एक दांडी खुब्याच्या हाडाकडे न जाता भलतीकडेच गेली होती, कारण ते हाड मी बोटाने शोधलंच नव्हतं, अंदाजाने लावली होती.

तसंच स्नायूंच्या ताकदीचं, ० ते ५ ग्रेड असतात, ० म्हणजे स्नायूत काहीच नाही, ५ म्हणजे पूर्ण ताकद. ग्रेड १ ची पुस्तकात जेमतेम एक ओळ. हॉस्पिटलच्या पोस्टिंगला पॅरालिसिसच्या एका पेशंटला मनगट वर उचला म्हटलं, काहीच हललं नाही, मी ० लिहायला लागलो तर सिनिअरने माझी दोन बोटं धरून पेशंटच्या कोपराखाली ठेवली आणि परत उचलायला सांगितलं. आत काहीतरी बारीक ताणलं गेलं आणि सुटलं. तो ग्रेड १. ती ओळ मला परत वाचावी लागली नाही.

लायसन्सचं म्हणाल तर नियम देशादेशाला वेगळे, कुठे बॅचलर डिग्रीवर होतं, अमेरिकेत डॉक्टरेट लेव्हलचा कोर्स लागतो आणि वर लायसन्सची परीक्षा. म्हणून फी भरायच्या आधी एकच गोष्ट बघा, जिथे प्रॅक्टिस करायचीय तिथली लायसन्स देणारी संस्था तुमचा कोर्स मानते का, आणि हे कॉलेजला नाही, त्या संस्थेलाच विचारा. परीक्षेत नुसती व्याख्या लिहून भागत नाही, केस देतात. समजा कंबर दुखते म्हणून पेशंट आलाय, बोलता बोलता सांगतो की लघवी कळत नाही आणि बसायची जागा बधिर झालीय, तर कुठला व्यायाम द्याल? कुठलाच नाही, त्याला ताबडतोब हॉस्पिटलला पाठवायचं, मणक्याच्या खालच्या नसा दाबल्या गेल्या असू शकतात आणि तिथे उशीर चालत नाही. हे मात्र पाठच हवं, तिथे सूट नाही.

बाकीचं अंगावर शिका. आत्ताच एक करून बघा, कोपर टेबलावर टेकवून मनगट वर उचला आणि दुसऱ्या हाताची बोटं कोपराच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला ठेवा. जे फुगतंय ते मनगट उचलणारे स्नायू, आणि ते निघतात कुठून ते बोट वर सरकवत गेलात की कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टेंगळावर आपोआप पोचाल. झाला की एक प्रश्न पाठ.